विश्लेषण : खुनी कोण हे ठाऊक असूनही अगाथा ख्रिस्ती पुन्हा पुन्हा का वाचल्या जातात?

रहस्यकथा एकदा वाचली की संपली, असा सर्वसाधारण समज. तरीही निधनानंतर ५० वर्षांनी अगाथा ख्रिस्ती यांची पुस्तके नव्याने छापली जातात, त्यांवर चित्रपट निघतात आणि वाचलेली कादंबरी लोक पुन्हा हातात घेतात. यामागचे कारण काय? (एका कादंबरीतील विषाचे नाव सोडले, तर या लेखात कुठलेही रहस्य फोडलेले नाही.)

१९७७ सालची घटना. कतारमधील एका १९ महिन्यांच्या मुलीला उपचारांसाठी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणण्यात आले. मुलगी अर्धवट शुद्धीत होती आणि प्रतिसाद देत नव्हती. तपासण्यांमागून तपासण्या झाल्या, पण निदान होईना. प्रकृती दिवसेंदिवस खालावत होती.

तिची देखभाल करणारी परिचारिका त्या दिवसांत अगाथा ख्रिस्ती यांची ‘द पेल हॉर्स’ ही १९६१ सालची कादंबरी वाचत होती. मुलीचे केस गळू लागले, तेव्हा तिला कादंबरीतील वर्णन आठवले. ‘ही थॅलियमची विषबाधा तर नाही ना?’ असे तिने डॉक्टरांना विचारले. चाचणी केली. लघवीतील थॅलियमचे प्रमाण नेहमीपेक्षा दहापटीहून अधिक निघाले. घरात उंदीर-झुरळे मारण्यासाठी वापरले जाणारे विष मुलीच्या पोटात गेले होते. त्यानुसार उपचार झाले आणि मुलगी वाचली. डॉक्टरांनी या प्रकरणावर वैद्यकीय नियतकालिकात लिहिताना परिचारिकेसोबत दिवंगत लेखिकेचेही आभार मानले.

कादंबरीने जीव वाचवला, म्हणून हा किस्सा नेहमी सांगितला जातो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. लक्षणे सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होती. त्यांचा अर्थ लावायला ख्रिस्ती यांची एक वाचक तिथे असावी लागली. ख्रिस्ती यांच्या लोकप्रियतेचे मूळ नेमके इथेच सापडते.

किती वाचल्या जातात?

अगाथा मेरी क्लॅरिसा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकिनाऱ्यावरील गावी झाला. निधन १२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी. या काळात त्यांनी ६६ रहस्यकादंबऱ्या, कथासंग्रह आणि नाटके लिहिली. मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्या वेगळ्याच. त्यांच्या पुस्तकांच्या जगभरात २०० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. सर्वाधिक खपाची कथा-कादंबरीकार म्हणून त्यांची नोंद गिनेस बुकात आहे. एकट्या ‘अँड देन देअर वेअर नन’ या १९३९ सालच्या कादंबरीच्या खपाचा आकडा १० कोटींच्या घरात सांगितला जातो.

‘द माऊसट्रॅप’ हे त्यांचे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झाले. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये प्रयोग थांबले, मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रयोग संपल्यावर रहस्य बाहेर फोडू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. या नाटकाचे हक्क ख्रिस्ती यांनी आपल्या लहानग्या नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते. ते इतके चालेल, याची कल्पना त्यांनाही नव्हती.

विषांची इतकी अचूक माहिती कुठून आली?

थेट औषधांच्या कपाटातून. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि नंतर औषधे तयार करण्याच्या विभागात काम करत होत्या. १९१७ मध्ये त्यांनी त्यासाठीची परीक्षाही उत्तीर्ण केली. कोणते द्रव्य किती प्रमाणात औषध आणि किती प्रमाणात विष, हे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते.

त्या काळातील एक प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. गावातील एका अनुभवी औषधविक्रेत्याकडे त्या शिकायला जात. एकदा त्याने औषध बनवताना दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिले. म्हणजे मात्रा दहापट झाली. शिकाऊ मुलीच्या ते लक्षात आले. पण आपली चूक कबूल करणाऱ्यांपैकी हा गृहस्थ नव्हे, हेही तिच्या लक्षात आले होते. मग तिने अडखळल्याचे निमित्त करून औषधाचा तबक खाली पाडला, वर पायही दिला आणि माफी मागितली. औषध पुन्हा बनवावे लागले. कुणाचा अपमान झाला नाही आणि कुणाच्या जिवावरही बेतले नाही.

याच गृहस्थाच्या खिशात कुरारी या जहाल विषाचा खडा असे. तो जवळ असला की आपण सामर्थ्यवान आहोत असे वाटते, असे त्याने एकदा या मुलीला सांगितले होते. हा माणूस ख्रिस्ती यांच्या डोक्यात अनेक दशके राहिला आणि पुढे एका कादंबरीतील पात्राला त्यावरून आकार मिळाला. दशांशचिन्ह आणि माणसाचा स्वभाव, दोन्ही एकाच वेळी टिपणारी ही नजर म्हणजेच त्यांच्या लेखनाचे भांडवल.

बहीण मॅज हिने ‘तुला रहस्यकथा जमणार नाही’ असे म्हटले आणि त्या ईर्षेतून १९१६ मध्ये ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ लिहून झाली. अनेक प्रकाशकांनी ती परत पाठवली. अखेर १९२०मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि हर्क्युल पॉयरो हा मिशाळ बेल्जियन गुप्तहेर जगासमोर आला. युद्धामुळे टॉर्कीत आलेल्या बेल्जियन निर्वासितांना पाहून हे पात्र सुचले होते. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने कादंबरीतील विषाच्या वर्णनाची वाखाणणी केली. ही दाद ख्रिस्ती यांना विशेष मोलाची वाटली होती.

रहस्यकथेतील ‘फेअर प्ले’ म्हणजे काय?

१९२० आणि १९३०ची दशके ही इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानली जातात. या काळात लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार होता. गुप्तहेराला जे धागेदोरे दिसतात, ते वाचकालाही दिसले पाहिजेत. ऐन वेळी कुठून तरी जुळा भाऊ उपटणे, विज्ञानाला ठाऊक नसलेले विष निघणे किंवा गुप्तहेराला दैवी साक्षात्कार होणे, हे निषिद्ध. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू असलेल्या लेखकाने तर यासाठी दहा नियमच घालून दिले होते. १९३० मध्ये लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. नव्या सदस्याला याच धर्तीची शपथ घ्यावी लागे. ख्रिस्ती १९५७ पासून अखेरपर्यंत या क्लबच्या अध्यक्ष होत्या. भाषण करायचे नाही, या अटीवर त्यांनी ते पद स्वीकारले होते.

या नियमांची कसोटी लागली ती १९२६ मध्ये आलेल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मुळे. शेवट वाचून ‘ही शुद्ध फसवणूक आहे’ अशी ओरड काहींनी केली. समकालीन रहस्यकथाकार डोरोथी सेयर्स यांनी मात्र ख्रिस्ती यांची बाजू घेतली. सगळ्यांवर संशय घेणे हे वाचकाचेच काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो शेवट इथे सांगणार नाही. पण ज्यांनी वाचला आहे, त्यांनी सुरुवातीची प्रकरणे पुन्हा काढून पाहावीत. तिथे एकही वाक्य खोटे नाही. आपण ते घाईने वाचलेले असते, इतकेच.

मग वाचक फसतो कसा?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण ख्रिस्ती यांच्या पद्धतीला चपखल लागू पडते. त्या पुरावा लपवत नाहीत. आपले लक्ष दुसरीकडे वळवतात. त्यांच्या कादंबऱ्या पुन्हा वाचताना या युक्त्या ओळखू येऊ लागतात.

पहिली युक्ती गर्दीची. महत्त्वाची वस्तू एकटी येत नाही, दहा वस्तूंच्या यादीत येते. खोलीचे वर्णन चालू आहे असे समजून आपण पुढे सरकतो.

दुसरी युक्ती वेळेची. कुणीतरी एक महत्त्वाचे वाक्य बोलते आणि त्याच क्षणी दार उघडते, कप फुटतो किंवा किंकाळी ऐकू येते. किंकाळी लक्षात राहते, वाक्य विसरले जाते.

तिसरी युक्ती आपल्या पूर्वग्रहांची. ही सर्वात धारदार. डॉक्टर सांगतो म्हणजे खरेच असणार, नोकर काय फक्त दार उघडायला असतो, रडणारी व्यक्ती दुःखीच असणार, असे ठोकताळे वाचक सोबत घेऊनच येतो. ख्रिस्ती गुन्हेगाराला लपवायला याच ठोकताळ्यांची आडोशासारखी मदत घेतात.

त्यांची साधी भाषाही या कामी येते. छोटी वाक्ये, भरपूर संवाद, परिचित घरगुती वातावरण. वाचक निर्धास्त होतो आणि निर्धास्त वाचकाला चकवणे सोपे असते. कोड लिहिणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. तीन तास अख्खा प्रोग्राम पालथा घालावा आणि चूक पहिल्याच ओळीत निघावी. ती ओळ आपण दहा वेळा वाचलेली असते, ‘ही तर बरोबरच आहे’ असे धरून.

म्हणूनच ख्रिस्ती यांची कादंबरी दुसऱ्यांदा वाचण्यात वेगळी मजा आहे. पहिल्या वाचनात आपण खुनी शोधतो. दुसऱ्या वाचनात आपण कुठे गाफील राहिलो, ते शोधतो.

मिस मार्पल इतकी वेगळी का?

१९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत जेन मार्पल प्रथम अवतरली. तिच्याच घरात काही पाहुणे जमले आहेत. पोलीस खात्यातील निवृत्त उच्चाधिकारी, वकील, धर्मगुरू, चित्रकार आणि मार्पलचा लेखक भाचा. प्रत्येकाने एक न सुटलेले कोडे सांगायचे, असा बेत ठरतो. मोजणी होते आणि पाच जण भरतात. कोपऱ्यात विणकाम करत बसलेली घरमालकीण मोजलीच जात नाही. मला विसरलात, असे तिला हसून सांगावे लागते. कोडे अर्थातच तीच सोडवते.

मार्पलची पद्धत सोपी आहे. सेंट मेरी मीड या छोट्याशा गावात तिने आयुष्य घालवले. कोण कुणाशी कसे वागतो, कोण कुठल्या मोहाला बळी पडतो, हे तिने जवळून पाहिले. त्यामुळे मोठा गुन्हा समोर आला की तिला गावातीलच कुणीतरी आठवते. आपल्याकडे वाड्यात किंवा चाळीत गॅलरीत बसून सगळ्या बिऱ्हाडांची खबर ठेवणाऱ्या आजी असत. त्यांना कुणी डिटेक्टिव्ह म्हटले नाही, पण त्यांच्या नजरेतून फारसे काही सुटत नसे.

ज्या काळात वयस्क, अविवाहित स्त्रीला कुणी खिजगणतीत धरत नव्हते, त्या काळात ख्रिस्ती यांनी तिच्या हाती न्याय सोपवला. गुन्हेगार तिच्यासमोर मोकळेपणाने बोलतात, कारण ती त्यांना दिसतच नाही. कुणाकडे आपण पाहत नाही, हा प्रश्न ख्रिस्ती यांच्या साऱ्या लेखनाखाली वाहत असतो.

त्या ११ दिवसांत काय घडले?

१९२६ हे वर्ष ख्रिस्ती यांच्यासाठी यशाचे आणि तितकेच मोडून पडण्याचे होते. एप्रिलमध्ये आई गेली. पुढे पती आर्ची यांनी आपले दुसऱ्या तरुणीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री ख्रिस्ती मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरजवळ मोटार सापडली, पण त्या नव्हत्या.

शेकडो पोलीस आणि हजारो स्वयंसेवकांनी परिसर पिंजून काढला. विमानेही वापरली गेली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी ख्रिस्ती यांचा हातमोजा एका आत्मे बोलावणाऱ्या माणसाकडे दिला. पतीवर संशय घेतला गेला. वृत्तपत्रांचे रकाने भरले. १४ डिसेंबरला त्या उत्तरेकडील हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तिथे त्या उघडपणे वावरत होत्या. नोंदवहीत नाव होते तेरेसा नील. पतीची प्रेयसी नील याच आडनावाची होती. हॉटेलातील वादकांनी त्यांना ओळखले होते.

स्मृतिभ्रंश झाला होता, असे कुटुंबाने सांगितले. प्रसिद्धीसाठीचे नाटक, पतीवर उगवलेला सूड, मानसिक धक्का असे तर्क आजही लढवले जातात. आत्मचरित्रात ख्रिस्ती यांनी या ११ दिवसांचा उल्लेखही केला नाही. ज्या बाईने प्रत्येक पुस्तकात वाचकाला सारे धागे हाती दिले, तिने स्वतःच्या दुःखाचा एकही धागा दिला नाही. तो त्यांचा हक्क होता. कादंबरीतला ‘फेअर प्ले’ लेखिकेच्या खासगी आयुष्याला लागू होत नाही.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसने निघाल्या आणि बगदादला, तिथून उर येथील उत्खनन पाहायला गेल्या. १९३० मध्ये पुन्हा उरला गेल्या असता पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले. त्याच वर्षी दोघांनी लग्न केले. पुढे अनेक वर्षे त्या पतीसोबत इराक-सीरियातील उत्खननांच्या तंबूत राहिल्या. निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तू त्यांनी चेहऱ्याला लावायची क्रीम वापरून स्वच्छ केल्या होत्या. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ आणि ‘डेथ ऑन द नाइल’ या कादंबऱ्या याच प्रवासांची देणगी. ‘डेथ ऑन द नाइल’मध्ये पॉयरो आपल्या कामाची तुलना उत्खननाशी करतो. वस्तू तिथेच असते, भोवतीची माती तेवढी दूर करायची असते.

टीका कोणती होते?

पात्रे पुठ्ठ्याची वाटतात, हा जुना आक्षेप. अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ मध्ये रॉजर ॲक्रॉइडला कुणी मारले याची फिकीर कुणाला आहे, अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून सबंध रहस्यकथा प्रकारालाच झोडपले होते. बऱ्याच पात्रांबाबत हा आक्षेप खरा आहे. कोड्याच्या सोयीसाठी माणसे ठोकळेबाज होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परदेशी, कृष्णवर्णीय आणि ज्यू माणसांविषयी त्यांच्या जुन्या पुस्तकांत तुच्छतादर्शक उल्लेख आढळतात. ‘अँड देन देअर वेअर नन’चे ब्रिटनमधील मूळ शीर्षकच कृष्णवर्णीयांविषयीच्या अपशब्दाचे होते. अमेरिकेत ते सुरुवातीलाच बदलले गेले, ब्रिटनमध्ये मात्र १९८० च्या दशकापर्यंत टिकले. अलीकडच्या काही आवृत्त्यांतून असे उल्लेख काढल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले आणि जुने साहित्य बदलावे का, यावर वाद झाला. लोकांच्या पूर्वग्रहांचा इतका कुशल वापर करणाऱ्या लेखिकेला स्वतःचे पूर्वग्रह दिसले नाहीत, हेही तिच्या वाचकाने ध्यानात ठेवायला हवे.

भारतात ख्रिस्ती कशा पोहोचल्या?

पुस्तकांआधी पडद्यावरून, असे अनेकांच्या बाबतीत म्हणता येईल. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला १९६५ चा ‘गुमनाम’ हा चित्रपट ‘अँड देन देअर वेअर नन’वर बेतलेला होता. बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ (१९७३) ख्रिस्ती यांच्या ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावरून आला. ऋतुपर्ण घोष यांनी ‘शुभ महूरत’ (२००३) या बंगाली चित्रपटात मिस मार्पलची कथा बंगाली घरात आणली. विशाल भारद्वाज यांनी २०२३ मध्ये ‘द सिटाफर्ड मिस्ट्री’वरून वेब मालिका केली. मराठीतही ख्रिस्ती यांच्या अनेक कादंबऱ्यांचे अनुवाद उपलब्ध आहेत.

इंग्लंडमधील खेड्यातली गोष्ट इथे रुजते, याचे कारण चहाचे कप किंवा बंगले नव्हेत. मृत्युपत्रावरून कुटुंबात पडलेली फूट, दबलेली जुनी भांडणे, वरवर गोड बोलणारे नातेवाईक, हे कुठल्याही घरात ओळखीचे असते.

सुरुवात कुठून करावी?

प्रथमच वाचणाऱ्यांनी ‘अँड देन देअर वेअर नन’ घ्यावी. छोटी, वेगवान आणि गुप्तहेराशिवायची. पॉयरोसाठी ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, पण तिच्याविषयी इंटरनेटवर काहीही न शोधता. मार्पलसाठी ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ हा कथासंग्रह. लोकलच्या एका प्रवासात एक कथा संपते. पॉयरोचा शेवट असलेली ‘कर्टन’ मात्र सर्वात शेवटी ठेवावी. ती ख्रिस्ती यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून तिजोरीत ठेवली होती. १९७५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर पॉयरोच्या निधनाची बातमी छापली होती.

आणि एक सूचना. शेवटचे पान वाचून झाल्यावर पुस्तक लगेच कपाटात ठेवू नका. पहिले प्रकरण पुन्हा उघडा आणि पेन्सिल हातात घेऊन वाचा. हॅमरस्मिथमधील त्या परिचारिकेला जे दिसले, ते दिसण्याचा सराव असाच होतो.